रू फोंतेनवरचा संग्रह

आंद्रे ब्रेताँ १९२२ साली पॅरिसमध्ये पिगाल चौकाजवळच्या रू फोंतेनवर, ४२ क्रमांकाच्या इमारतीत राहायला आला. महायुद्धात अमेरिकेत काढलेली वर्षे सोडली, तर १९६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचा मुक्काम तिथेच होता. १९२४ साली अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या कवीने त्या लहानशा जागेत चित्रे, शिल्पे, छायाचित्रे, हस्तलिखिते, मुखवटे, दगड आणि पेटीत टाचलेली फुलपाखरे अशा हजारो वस्तू जमवल्या.

ब्रेताँ श्रीमंत नव्हता. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडल्यावर त्याने फॅशनच्या धंद्यात नाव कमावलेल्या जाक दूसे या संग्राहकाकडे ग्रंथपाल आणि कलासल्लागार म्हणून नोकरी धरली. पिकासोचे ‘आव्हिन्योंच्या तरुणी’ हे चित्र दूसेने १९२४ मध्ये विकत घेतले, ते ब्रेताँच्याच आग्रहावरून. स्वतःसाठी मात्र तो नजरेच्या बळावर खरेदी करी. दे किरिकोचे ‘बालकाचा मेंदू’ त्याला धावत्या बसमधून एका दुकानाच्या काचेआड दिसले. ते जवळून पाहायला तो खाली उतरला आणि पुढे ते त्याच्याच भिंतीवर आले. सेंत-उआँच्या जुन्या बाजारात तो नेमाने फिरे. १९३४ मध्ये शिल्पकार जाकोमेत्तीबरोबर फिरताना तिथे सापडलेला, मुठीखाली इवलासा बूट कोरलेला लाकडी चमचा पुढे त्याच्या लेखनातही आला. पैशांची चणचण भासली की विक्रीही करावी लागे. १९३१ मध्ये त्याने आणि त्याचा कविमित्र पॉल एल्युआरने आफ्रिका, अमेरिका व ओशनियातील शिल्पांचा आपला संग्रह लिलावात काढला.

न्यूयॉर्कमधल्या वास्तव्यात या संग्रहाला वेगळे वळण मिळाले. थर्ड अव्हेन्यूवरचे कार्लबाख यांचे दुकान चित्रकार माक्स एर्न्स्टने हेरले आणि अलास्कातील युपिक लोकांचे मुखवटे अतिवास्तववाद्यांच्या हाती आले. १९४५ मध्ये ब्रेताँ होपी या अमेरिकेतील मूलनिवासी लोकांच्या वस्त्यांतही जाऊन आला. त्यांच्या काचिना बाहुल्या त्याच्या विशेष आवडीच्या होत्या.

या संग्रहाचे खरे वैशिष्ट्य मांडणीत होते. लिहिण्याच्या मेजामागच्या भिंतीवर मिरो आणि पिकाबिया यांची चित्रे, ओशनियातील मूर्ती आणि नदीकाठी वेचलेले दगड एकाच मानाने शेजारी ठेवलेले असत. कोणती वस्तू कोणाच्या शेजारी ठेवायची, याचा निर्णय ब्रेताँच्या दृष्टीने कविता लिहिण्याइतकाच महत्त्वाचा होता. म्हणूनच एकेक वस्तू वेगळी काढून केलेले मोल या संग्रहाला अपुरे पडते.

पत्नी एलिसाने तो सारा २००० मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत सांभाळला. फ्रेंच सरकारने तो अखंड घेतला नाही. एप्रिल २००३ मध्ये पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात चार हजारांहून अधिक लॉटमध्ये तो विकला गेला. विरोध करणाऱ्या लेखक-विचारवंतांत जाक देरिदाही होते. विक्री सुमारे ४ कोटी ६० लाख युरोंची झाली. मेजामागची भिंत मात्र वारसा कराच्या बदल्यात सरकारजमा होऊन पाँपिदू केंद्रात आली, तिथे निदान तेवढी मांडणी टिकली.

संग्रहात क्वाक्वाकावाक्व समाजाचे एक शिरोभूषणही होते. कॅनडात पॉटलॅच या मूलनिवासींच्या दानसमारंभांवर बंदी असताना सरकारने १९२० च्या दशकात जप्त केलेल्या वस्तूंपैकी ते होते. ब्रेताँची मुलगी ओब हिने २००३ मध्ये ते लिलावात न काढता अलर्ट बे येथील त्या समाजाच्या उमिस्ता केंद्राला परत दिले.