वाळुंजावरचे तुडतुडे

क्रिकेटची बॅट ज्या लाकडाची करतात ते विलोचं झाड आपणां सर्वांना नावानं तरी ठाऊक आहे. त्याच्याच वंशातलं एक झाड आपल्या सह्याद्रीत ओढ्यांच्या काठी उगवतं. त्याला आपण वाळुंज म्हणतो. या वाळुंजाच्या युरोपातल्या भावंडांवर राहणारे तुडतुडे शास्त्रज्ञांनी कसे ओळखले, त्याची हकीकत मी आज सांगणार आहे.

आपण म्हणाल, इतिहासाच्या मास्तराला किड्यांची काय पंचाईत? तर माझं लहानपण कोकणात आजोबांच्या कलमांखाली गेलं. मोहोराच्या दिवसांत फांदी हलवली की असंख्य तुडतुडे पानांवर तडतड आपटत उडत. पानं चिकट होत, पुढे त्यांवर काजळी धरे आणि मोहोर गळून जाई. आजोबा एवढंच म्हणत, "तुडतुडा आला." त्यांच्या लेखी तुडतुडा एकच होता. तो एक नसून अनेक आहेत, हे कळण्याचा धागा थेट विलोच्या झाडापर्यंत जातो.

अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनीअसने सजीवांना दुहेरी नावं देण्याची पद्धत रूढ केली. आधी वंशाचं नाव, मग जातीचं; आपलं आडनाव आधी आणि नाव मागाहून लिहावं, तसं. पण लिनीअसने हे सारे बारके उड्या मारणारे कीटक 'सिकाडा' या एकाच मोठ्या घरात कोंबले होते. पुढे १८३४ साली इंग्लंडमध्ये लुईस नावाच्या अभ्यासकाने विलोवरच्या एका तुडतुड्यासाठी वेगळा वंश केला, 'इडिओसेरस'. ग्रीक शब्दांवरून याचा अर्थ 'निराळ्या शिंगाचा'. या वंशातल्या काही जातींच्या नरांच्या मिशांना टोकाशी चपटी चकती असते. बाकी सारा जीव तांदळाच्या दाण्याएवढा.

आता खरी अडचण पुढेच होती. हे तुडतुडे रंगाने फसवतात. एकाच जातीची मादी एका रंगाची, नर दुसऱ्या रंगाचा. आणि दोन निराळ्या जाती मात्र जुळ्या भावांसारख्या. बाल्टिक प्रदेशातल्या दोर्पात गावी ग्युस्टाव्ह फ्लोर यांनी १८६१ साली विलोवरच्या अशाच एका जातीचं वर्णन केलं आणि तिला नाव दिलं 'कन्फ्यूसस', म्हणजे घोटाळ्यातली! गंमत पाहा, आज ही जात 'पॉप्युलिसेरस' या वंशात धरतात. त्या नावात पॉप्लर झाडाचा उल्लेख आहे, पण राहणं मात्र विलोवर. घोटाळा नावातही शिल्लकच राहिला.

यातून वाट निघाली ती सूक्ष्मदर्शकाने. नराच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून स्वच्छ करायचं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं आणि आतल्या जननेंद्रियाचा आकार रेखाटायचा. बाहेरून जुळे दिसणारे जीव इथे बहुधा निराळे ठरतात. ही रीत एकट्या कुणाची नव्हे. पण तिचा पाया पक्का करणाऱ्यांत एक भारतीय होता, हे आपण विसरता कामा नये. हेमसिंग प्रुथी यांनी १९२५ साली या गणातल्या कीटकांच्या नर-जननेंद्रियांच्या रचनेवर मोठा प्रबंध लंडनला प्रसिद्ध केला.

तरीही विलोवरच्या काही तुडतुड्यांनी दाद दिली नाही. 'मॅक्रॉप्सिस' नावाच्या वंशात आतले अवयवही फार सारखे. जर्मनीच्या व्हिल्हेल्म वाग्नर यांनी १९५० साली उत्तर व मध्य युरोपातल्या विलोवरच्या मॅक्रॉप्सिस जातींवर स्वतंत्र निबंध लिहिला, इतकं ते कोडं मोठं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४९ साली, स्वीडनच्या फ्रे ओसियानिलसन यांनी निराळंच दार उघडलं. हे तुडतुडे गातात, असं त्यांनी दाखवून दिलं! पोटाच्या बुडाशी असलेल्या पडद्यांनी ते कंप निर्माण करतात. आपल्या कानांना ते सहसा ऐकू येत नाहीत, कारण ते हवेपेक्षा फांदीतून धावतात आणि दुसऱ्या तुडतुड्याला पायांतून कळतात. ओसियानिलसन यांनी कीटक काचेच्या नळीत घालून नळी कानाशी धरली आणि ते ऐकले. नर आपल्या जातीच्या सुरात हाक देतो आणि मादी आपल्याच जातीच्या सुराला ओ देते. पुढे मॉस्कोच्या तिश्येचकिन यांनी मॅक्रॉप्सिसचे हे नाद यंत्रावर टिपून जाती पारखल्या. डोळ्यांना न उमगलेला भेद असा कानांना उमगला. आकाशवाणीवरून बोलणाऱ्याला याहून गोड गोष्ट कुठली मिळणार?

आता आपल्या आंब्याकडे येऊ. १८८९ साली फ्रान्सच्या लेथिएरी यांनी भारतातल्या आंब्यावरच्या तीन जातींचं वर्णन केलं आणि त्यांना बसवलं त्या विलोवाल्या 'इडिओसेरस' वंशातच. एकीला हिमालयाचं गॅझेटियर लिहिणाऱ्या अ‍ॅटकिन्सन यांचं नाव दिलं. १९३० मध्ये प्रुथींनी आंब्यावरच्या आणखी एका जातीला आपल्या नागपूरचं नाव दिलं, 'नागपुरेन्सिस'. पण विलोवरचा आणि आंब्यावरचा खरोखर एकाच घरचे का? बेकर यांनी १९१५ साली 'इडिओस्कोपस' हा वंश काढला होता, त्यात यांतल्या काही जाती गेल्या. आणि १९७० साली रशियाच्या अनुफ्रिएव्ह यांनी अ‍ॅटकिन्सनच्या नावाच्या जातीला 'अ‍ॅमृटोडस' हा स्वतंत्र वंश दिला. विलोचं आडनाव आंब्यावरून असं उतरलं.

हा नुसता नावांचा खेळ नव्हे. यांतली एक जात मोहोरावर गर्दी करते, तर अ‍ॅटकिन्सनची जात बरेचदा खोडाच्या सालीवर दडून असते. दोन्ही एकच समजून नुसत्या मोहोरावर औषध मारलं, तर पैसा जातो आणि खोडावरचा शत्रू सुखरूप राहतो. माझ्या आजोबांनी मोहोरावर किती पंप मारले! खोडाकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही, कारण कुणी तसं सांगितलं नव्हतं. चूक त्यांच्या कष्टांत नव्हती, ओळखीत होती.

दूरदेशी ओढ्याकाठच्या झाडावर कुणी एक निरुद्योगी वाटणारा माणूस दाण्याएवढ्या जिवाच्या मिशा मोजत बसतो. त्याला हसू नये. आज ना उद्या त्याचं ते मोजणं आपल्या बागेपर्यंत येऊन पोचतं. यंदा मोहोराच्या दिवसांत बागेत गेलात, तर एकवार खोडाची सालही न्याहाळून पाहा.