मुका मार, मुरगळ की अस्थिभंग?

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वसले आहेत. पावसाळ्यात पेठचा कोथळीगड, नेरळजवळचा पेब, कोंदिवड्याहून राजमाचीकडे चढणारी वाट आणि खोपोलीभोवतालचे डोंगर येथे मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहकांची वर्दळ असते. पाऊस सरला की गावोगावच्या मैदानांवर कबड्डीचे सामने रंगतात. दोन्हीकडे दुखापती होतातच. मात्र गडावरून मोटाररस्ता गाठण्यास तास-दोन तास लागत असल्याने पहिला उपचार डॉक्टरांच्या नव्हे, तर सोबत्यांच्या हाती असतो. म्हणूनच दुखापत त्वचेची, स्नायूची की हाडाची, याचा अंदाज घेता येणे महत्त्वाचे ठरते.

त्वचेच्या जखमा

मातीच्या मैदानावर गुडघे व कोपरे खरचटतात, तर ओल्या बुटांमुळे टाचांना फोड येतात. खरचटणे क्षुल्लक वाटले तरी मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावी. माती, राख किंवा चुना लावू नये. रक्त थांबत नसल्यास कापडाची घडी ठेवून घट्ट दाबून धरावे. मातीने मळलेली जखम असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

स्नायू आणि अस्थिबंध

त्वचा न फाटता आतील स्नायू चेंगरला की त्याला मुका मार म्हणतात. कबड्डीतील पकडीत हा प्रकार नेहमीचा. अचानक ताणामुळे स्नायूचे तंतू तुटणे म्हणजे लचक, तर सांध्याला धरून ठेवणारे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जाणे म्हणजे मुरगळ. गड उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. ते थकले की पाऊल चुकते आणि घोटा मुरगळतो.

अशा वेळी चोळणे व शेकणे हा नेहमीचा उपाय पहिले दोन-तीन दिवस टाळावा. त्याने आतील रक्तस्राव व सूज वाढू शकते. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि दुखरा भाग उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. पुढे त्यांनीच बर्फ व संपूर्ण विश्रांतीमुळे भरून येण्यास विलंब होऊ शकतो, असे मान्य केले. त्यामुळे आज बर्फ केवळ वेदनाशमनासाठी थोडा वेळ लावावा आणि सुरुवातीचे काही दिवस गेल्यावर सोसेल तितकी हालचाल सुरू करावी, यावर भर दिला जातो.

हाडांच्या दुखापती

‘पाय हलतो आहे, म्हणजे हाड शाबूत आहे’ हा समज चुकीचा आहे. कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांनुसार, घोट्याच्या दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी आवश्यक ठरते. ओल्या कातळावर घसरताना हात टेकला जाऊन अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागल्यास मनगटातील स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडलेले असू शकते. पहिल्या क्ष-किरण चित्रात ही भेग अनेकदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. दुर्लक्ष झाल्यास रक्तपुरवठ्याअभावी हाड सांधत नाही आणि मनगट कायमचे अधू होऊ शकते.

अस्थिभंगाची शंका आल्यास अवयव आहे त्या स्थितीत काठीच्या आधाराने, वरचा व खालचा सांधा स्थिर राहील असा बांधावा. बोटे गार पडणे किंवा बधिर होणे हे धोक्याचे लक्षण होय. जागीच हाड ‘बसवून’ देण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नये. त्यात नसा व रक्तवाहिन्या दुखावू शकतात. मान वा पाठीला मार असल्यास जखमीला न हलवता १०८ क्रमांकावर मदत मागवावी.

वेदना थांबणे म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता अधिक असते. दुखऱ्या पायावर तोल सांभाळता येणे, लंगडी घालता येणे आणि दोन्ही पायांत सारखीच ताकद जाणवणे, एवढे जमल्यावरच मैदानात उतरावे किंवा डोंगर चढावा.