गिअर का खरखरतो? : तेलाच्या पेटीत बंद झालेला इतिहास

आजचा धागा एका आवाजाविषयी आहे. गिअर टाकताना दातांवर दात घासल्यासारखा जो 'खर्र' आवाज येतो, त्याचे मूळ शोधायला १८९०च्या दशकातील पॅरिसपर्यंत मागे जावे लागते.

पानार-लव्हासॉर कंपनीच्या गाड्यांत एमिल लव्हासॉर याने लहानमोठी दातेरी चाके दांड्यावर सरकवून परस्परांत गुंतवण्याची पद्धत रूढ केली. भिन्न गतीने फिरणारी चाके एकमेकांवर ढकलली की दात कुरतडले जाणारच. 'ही रीत रानटी आहे, पण चालते', अशा आशयाचे उद्गार खुद्द त्याच्याच नावावर सांगितले जातात. आरंभी ही चाके उघडीच, धूळ खात फिरत. पुढे ती तेल भरलेल्या पेटीत बंद झाली. त्यामुळे दात वाचले आणि तेलगळती नावाची नवी व्याधी जन्मास आली!

खरखर टाळणे हे तेव्हा चालकाचे कसब होते. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा हलका दाब, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. हाच तो 'डबल क्लच'. १९२८ साली कॅडिलॅकने अर्ल थॉम्प्सन याची सिंक्रोमेश रचना बाजारात आणली. तीत दात गुंतण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे दोन पृष्ठभाग एकमेकांना घासतात आणि गती समान करतात. चालकाच्या पायांतील विद्या अशी धातूत उतरली. पुढे हे काम बहुधा पितळी रिंगा करू लागल्या.

पहिला गिअर मात्र अनेक गाड्यांत कित्येक दशके या सुखाला पारखाच राहिला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० आणि तिचाच पुढचा अवतार असलेली पद्मिनी याच परंपरेतल्या. गाडी पूर्ण थांबण्याआधी पहिला गिअर टाकला की 'खर्र' होणारच. नवख्या चालकाला तो बिघाड वाटे. वस्तुतः ते त्या यंत्राचे वय बोलत असे.

म्हणूनच निदान करताना घाई नको. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण चालू इंजिनावर एकही धड पडत नाही? मग संशय गिअरबॉक्सवर नव्हे, क्लचवर घ्यावा. तो पुरता सुटत नाही. एकच गिअर, समजा दुसरा, खरखरत असेल तर त्याची सिंक्रो रिंग झिजलेली असण्याचा संभव अधिक. आणि इंजिन बंद असतानाही दांडा अडखळत असेल, तर आधी पेटीबाहेरची जोडणी तपासावी. जुन्या पद्मिनीत गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असे. तिथून पेटीपर्यंतच्या लांब जोडणीतले बुश झिजले, की चालकाला गिअर सापडत नसे. हा भेद न ओळखता पेटी उघडली, तर टॅक्सीवाल्याची कित्येक दिवसांची कमाई वाया जाई.

आता गळती. शाफ्टभोवतीच्या ऑइल सीलचा इतिहास मला विशेष रंजक वाटतो: जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग ही मूळची चामडे कमावणारी कंपनी. तिची आरंभीची सीलही चामड्याची होती. १९३०च्या दशकात कृत्रिम रबर आले. आज इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल ठिबकताना दिसले, तर ते कोणाचे हे नाकाने ओळखता येते. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो. इंजिन ऑइलला तो नसतो. सांध्यातले तेल क्लच प्लेटवर पोहोचले की क्लच घसरू लागतो. पेटीतले तेल बरेच उतरले असेल, तर खरखर आणि गळती हे दोन आजार नसून एकच असू शकतो.

तेल नुसते 'भरून टाका' म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहावे. डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरांवर प्रचंड दाब येतो, म्हणून त्यांच्यासाठी गंधकयुक्त रसायने घातलेली तेले आली. त्यांपैकी काही जीएल-५ तेले जुन्या पितळी रिंगांना मारक ठरतात. गळतीवर इलाज म्हणून ओतलेले तेलच मग वर्षभराने दुसऱ्या गिअरची खरखर होऊन परतते.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. घराजवळच्या जुन्या गॅरेजात एखादे वृद्ध मिस्त्री असतील, तर त्यांना डबल क्लच करून दाखवायला अवश्य सांगा.