अर्थाचा अर्थ



कॅम्पर व्हॅन म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोटार. ती उभी असते चार रबरी टायरांवर, म्हणजे विजेच्या दृष्टीने जमिनीशी तिचा संबंधच नाही. तरीही तिच्या वायरिंगच्या आकृतीत जागोजागी 'ग्राउंड' असं लिहिलेलं असतं. इंग्रज त्यालाच 'अर्थ' म्हणतात आणि आपल्याकडेही तोच शब्द रुळला. आमच्या नात्यातला एक मुलगा अमेरिकेत आपल्या व्हॅनला जादा लिथियम बॅटऱ्या बसवतो आहे. त्याने विचारलं, "काका, गाडीत जमीन कुठून आली?" मी भाषेचा मास्तर. पण या प्रश्नाचं उत्तर शब्दाच्या इतिहासातच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या एका शब्दाला दोन बाप आहेत बघा.

पहिला बेंजामिन फ्रँकलिन. १७५२ च्या सुमारास त्याने विजेपासून घरं वाचवण्याचा उपाय सांगितला: छपरावर टोकदार लोखंडी कांब आणि तिथून थेट ओल्या मातीपर्यंत नेलेली तार. इथे जमिनीचं काम राखणदाराचं. आपण घराबाहेर खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पत्रा पुरतो, ते अर्थिंग याच कुळातलं.

दुसरा म्युनिकचा कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल. तारायंत्राच्या त्या पहिल्या दिवसांत वीज न्यायला एक तार आणि परत आणायला दुसरी तार लागे. १८३८ साली त्याने न्यूरेंबर्ग-फ्यूर्थ रेल्वेच्या रुळांचाच तारा म्हणून उपयोग करून पाहिला. तो जमला नाही, कारण वीज रुळांतून जमिनीत पाझरत होती. पण त्यातूनच त्याला उमगलं की परतीचं काम जमीनच करू शकते. दोन्ही टोकांना धातूचा पत्रा पुरला की झालं! एक आख्खी तार वाचली. इथे जमीन राखणदार नाही, ती परतीची वाट आहे.

ही फुकटची वाट पुढे महागात पडली. विजेच्या ट्रॅम आल्या तेव्हा परतीचा प्रवाह रुळ सोडून शेजारच्या पाण्याच्या नळांत शिरू लागला आणि ते नळ कुरतडले जाऊ लागले. टेलिफोनच्या एकेरी तारांत खरखर ऐकू येई, म्हणून तिथे पुन्हा दुसरी तार घालावी लागली. वीज आपण आखलेल्या वाटेनेच परतते असं नाही. जितक्या वाटा मोकळ्या, तितक्यांतून ती वाटून जाते. सोप्या वाटेने जास्त, अवघड वाटेने कमी.

मोटारवाल्यांनी श्टाइनहाइलची युक्तीच उचलली, फक्त जमिनीच्या जागी गाडीचा पोलादी सांगाडा घेतला. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि सांगाड्यातून जाणारे प्रवाह वाढले. बॅटरीचं कुठलं टोक सांगाड्याला जोडायचं यावरही एकमत नव्हतं. अमेरिकेत फोर्डच्या गाड्यांत १९५५ पर्यंत धन टोक सांगाड्याला असे. आज सगळीकडे ऋण टोक असतं.

फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून झोपायची सोय करून दिली. पुढे दिवे, पंखा, फ्रिज आले तशी अशा गाड्यांत घरखर्चाची दुसरी बॅटरी आली. ती शिशाची, १८५९ साली गास्ताँ प्लाँतेने शोधलेल्या जातीची. तिचा अंगचा विरोध बराच, म्हणून फार ओढलं की दम टाकते. लिथियमचं तसं नाही. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम एक्सॉन कंपनीत यावर काम करत होते, तेव्हा प्रयोगशाळेतल्या आगी विझवायला अग्निशामक दलाला पुन्हा पुन्हा यावं लागे. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. १९९७ मध्ये गुडइनफ, पाढी आणि नंजुंडस्वामी यांनी लोह-फॉस्फेटचा पर्याय मांडला. तो बराच शांत स्वभावाचा, म्हणून आज व्हॅनमध्ये बहुधा तोच असतो.

शांत खरा, पण हात सढळ. अशा बॅटरीचं शॉर्टसर्किट झालं तर हजारो अँपिअर एकदम सुटतात. म्हणून धन टोकाच्या अगदी जवळ, एवढा प्रवाह तोडू शकेल असा फ्यूज हवाच. चार्जिंगच्या वेळीही ती मिळेल तितकं ओढते, म्हणून इंजिनचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर घातला की मोजूनमापून वाढलं जातं. आणि पारा शून्याखाली असेल तर चार्जिंग बंद, नाहीतर बॅटरी कायमची बिघडते.

आता परतीची वाट. २००० वॅटचा इन्व्हर्टर १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे १७५ अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह गंजलेल्या पत्र्याच्या आणि रंगावर कसलेल्या बोल्टच्या भरवशावर सोडू नये. इंजिन आणि सांगाडा जोडणारी पट्टी सैल झाली की स्टार्टरचा प्रवाह क्लचच्या बारीक केबलमधून परततो आणि ती केबल जळते. ट्रॅम आणि नळांचीच गोष्ट ही! म्हणून जाण्याची तार जितकी जाड, तितकीच परतीचीही. सगळ्या ऋण तारा एका पट्टीवर आणाव्यात आणि ती पट्टी रंग खरवडलेल्या स्वच्छ पोलादाला एकाच जागी जाड तारेने जोडावी. बॅटरी मोजणारा शंट असेल तर सगळ्या तारा त्याच्या पलीकडच्या बाजूलाच हव्यात. एखादी अलीकडे राहिली तर तिचा हिशेब लागत नाही.

आणि फ्रँकलिनचा अर्थ? तळावर बाहेरची वीज गाडीत घेतली की तोही हजर होतो. तिची अर्थची तार सांगाड्याला जोडलेली हवीच, नाहीतर बिघाड झाल्यावर गाडीच्या पत्र्यातच वीज उतरते आणि ओल्या पायांनी दाराला हात लावणाऱ्याला झटका बसतो. न्यूट्रल आणि अर्थची गाठ मात्र इन्व्हर्टर चालू असताना गाडीत मारलेली असावी आणि बाहेरची वीज घेताना सुटलेली. चांगल्या इन्व्हर्टरमध्ये हे आपोआप होतं. ही जोडणी तिथल्या परवानाधारक वायरमनकडूनच तपासून घ्यावी.

तेव्हा बाळा, आकृतीत 'ग्राउंड' दिसलं की दर वेळी स्वतःला विचार, ही परतीची वाट की राखणदार? दोघांची गाठ सांगाड्यावर पडते खरी, पण कामं वेगळी आहेत. राखणदाराच्या तारेतून रोजचा प्रवाह कधीही जाता कामा नये.

असो. वायरिंग झाल्यावर फोटो पाठव. फ्यूज कुठे बसवलास, ते मी आधी बघणार आहे.