हाताने बनवलेली सुरी: पण कुणाच्या हातांनी?



कॅम्पिंगला जाणाऱ्या आपल्यातल्या तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. हाताने बनवलेल्या सुरीला कारखान्यातल्या सुरीच्या आठ-दहापट पैसे मोजण्यात काही अर्थ आहे का? मी शेफील्डला राहतो, म्हणजे या विषयाच्या माहेरीच म्हणा ना :-) अशी एक सुरी घेऊन दोन महिने वापरली. उत्तर देतो, पण थोडा इतिहास सांगितल्याशिवाय ते पुरं होणार नाही, तेव्हा जरा धीर धरा.

आधी सुरी. पातं साधारण १० सेंटिमीटर लांब, ४ मिलिमीटर जाड, न मिटणारं. पोलाद ओ-वन जातीचं. त्यात कार्बन ०.९ टक्क्यांच्या आसपास आणि क्रोमियम नावापुरतं, त्यामुळे तापवून तेलात बुडवलं की उत्तम कडक होतं, आणि काळजी घेतली नाही तर तितकंच उत्तम गंजतंही! पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं, दोन्ही बाजूंना अक्रोडाचं लाकूड, वर चामड्याचं म्यान. किंमत १४० पौंड. स्वीडनमधल्या कारखान्याची साधी सुरी इथे १५ पौंडांच्या आसपास मिळते.

एका शेतकऱ्याच्या कॅम्पसाइटवर त्याच्या परवानगीने हिची परीक्षा घेतली. मनगटाएवढं अ‍ॅशचं लाकूड, त्यावर पातं ठेवून पाठीवर दुसऱ्या ओंडक्याने ठोकलं. लाकूड सरळ चिरलं, मूठ तसूभर हलली नाही. पेटवणासाठी ढलप्या काढायला तर सुरेखच. तासभर लाकूड तासल्यावरही कागद कापत होती, आणि चामड्याच्या पट्ट्यावर वीसएक वेळा फिरवली की धार पुन्हा पहिल्यासारखी. स्वयंपाकात मात्र काठावर पास. पातं जाड असल्यामुळे गाजर चिरलं जात नाही, फुटतं. लिंबू कापून अर्धा तास तशीच ठेवली तर काळा डाग पडला. त्या कामाला आपल्या आयांची विळी शंभरपट सरस.

म्हणजे रानातल्या कामाला उत्तम. पण खरं सांगायचं तर १५ पौंडांची सुरीही यातलं ऐंशी टक्के काम करते. मग उरलेले पैसे कशाचे? "हाताने बनवलेली" या शब्दांचे. आणि इथेच इतिहास सुरू होतो.

शेफील्डची सुरी जुनी. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका कथेतल्या गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डची 'थ्विटल' खोचली आहे. थ्विटल म्हणजे लाकूड तासायला, भाकरी कापायला, सगळ्याला चालणारी न मिटणारी सुरी. माझ्या सुरीची खापरपणजीच. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने इथल्या सुरीकारांची 'कंपनी ऑफ कटलर्स' स्थापन झाली, ती अजून आहे. हा धंदा इथेच का वाढला, तर डोंगरातून उतरणाऱ्या डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हेलिन आणि लॉक्सली या पाच नद्यांवर पाणचक्क्या चालायच्या, आणि धार लावायला योग्य असा वालुकाश्म जवळच, विकर्स्लीला मिळायचा. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद हवं होतं, म्हणून त्याने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, आणि शेफील्डचं नाव जगभर झालं. पुढे अमेरिकेत बोई सुरीची लाट आली तेव्हा तिकडे खपलेल्या कितीतरी "अस्सल अमेरिकन" बोई सुऱ्या जॉर्ज वोस्टनहोमसारख्या शेफील्डच्या कारखानदारांनी पाठवलेल्या होत्या.

आता गंमत अशी, की या सगळ्या सुऱ्या हाताने बनवलेल्याच होत्या. पण एका हाताने नव्हे. एक जण पातं ठोकून घडवायचा, दुसरा ते चाकावर घासून धार काढायचा, तिसरा मूठ बसवायचा. तिघांचे धंदे वेगळे, संघटनाही वेगळ्या. सगळ्यात वाईट वाटा मधल्याचा, घासणाऱ्याचा. तो लाकडी घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचा, पुढ्यात वालुकाश्माचं भलं मोठं चाक, आणि त्यावर ओणवा होऊन दिवसभर पाती घासायचा. कधी फिरतं चाकच फुटायचं आणि माणूस जागच्या जागी संपायचा. पण चाक फुटण्यापेक्षा चाकाची धूळ जास्त मारक होती.

पाणचक्की होती तोवर उन्हाळ्यात नदी आटली की काम बंद. ती सक्तीची सुट्टीच फुप्फुसांच्या कामी यायची. वाफेचं इंजिन आलं, सुट्टी गेली, आणि कोंदट खोल्यांमध्ये वर्षभर चाकं फिरू लागली. शेफील्डचे डॉ. नाइट यांनी या आजारावर लिहिलं, आणि त्यांचे आकडे एंगल्सने १८४५च्या आपल्या पुस्तकात घेतले. शहरात असे २,५०० कामगार. टेबलावरच्या सुऱ्या पाणी टाकून घासणारे ४० ते ५० वर्षांचे असताना मरत. काटे कोरडेच घासले जात. ते काम करणारे सुमारे १५०, त्यातली ७० तर मुलं, आणि त्यांचं मरणाचं वय २८ ते ३२. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: जे जास्त दारू पीत तेच जास्त जगत, कारण ते कामावर कमी येत.

मी पस्तिशीत आहे. तो २८ ते ३२चा आकडा वाचल्यावर मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवलं.

उपाय कुणी शोधला नाही असं नाही. १८२०च्या सुमारास अब्राहम नावाच्या गृहस्थांनी लोहचुंबकाचं साधन बनवलं, लोखंडाचा कीस तोंडात जाण्याआधीच ओढून घेणारं. इंजिनिअर म्हणून मला यात फार रस वाटला, कारण कल्पना चतुर आहे, पण अर्धीच. खरा घातक होता दगडातला सिलिका, आणि सिलिका चुंबकाला दाद देत नाही. कामगारांनीही असल्या संरक्षक साधनांना विरोध केला, काही ठिकाणी मोडूनही टाकली. मूर्खपणा म्हणून हसू नका. त्यांचा हिशेब सरळ होता: काम सुरक्षित झालं की जास्त लोक या धंद्यात येणार आणि मजुरी पडणार. आयुष्य लहान, पण पगार बरा. असा सौदा माणसाला करावा लागतो, यातच सगळं आलं.

वाफाऱ्यासारखी उठणारी ती धूळ पुढे कमी झाली ती धूळ ओढणाऱ्या पंख्यांमुळे, कायद्यांमुळे, आणि विसाव्या शतकात वालुकाश्माच्या जागी कृत्रिम चाकं आल्यामुळे. माझी सुरी बनवणारा घडवण्यापासून मुठीपर्यंत सगळं एकटा करतो. मी त्याला विचारलं, घासताना काय घालतोस? त्याने भिंतीवरचा फिल्टरचा मास्क आणि धूळ ओढणारा जाड पाइप दाखवला. माझ्या मते १४० पौंडांतला मोठा वाटा त्या पाइपचा आहे, आणि तो मी आनंदाने दिला.

पण धूळ संपली नाही, तिने गाव बदललं. आपण लहानपणी पाटीवर ज्या पेन्सिलीने 'ग म भ न' गिरवलं, त्या बनवणाऱ्या मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या कामगारांना हाच आजार झाला. खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांनाही. इथे घरोघरी मागच्या अंगणात "इंडियन सँडस्टोन"च्या फरशा असतात. त्यातल्या बऱ्याचशा राजस्थानातून येतात, आणि तिथे सिलिकोसिस इतका आहे, की सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं. विकर्स्लीचा दगड आणि राजस्थानचा दगड, सिलिका तोच.

तर मंडळी, प्रश्नाचं उत्तर. रानात मनापासून लाकूडकाम करणार असाल तर हाताने बनवलेली सुरी जरूर घ्या. वर्षातून एकदा सॉसेज कापायला हवी असेल तर १५ पौंडांची बास. पण "हाताने बनवलेली" असं कुणी सांगितलं की पोलाद कुठलं हे विचाराल, त्याबरोबर हेही विचारा: घासलं कुणी, आणि त्याच्या तोंडावर काय होतं? प्रश्न सुरीला लागू, तसाच अंगणातल्या फरशीलाही.

कळावे, लोभ असावा.

ता.क. इथल्या १९८८च्या कायद्यानुसार न मिटणारी सुरी योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगणं गुन्हा आहे. ३ इंचांपर्यंतच्या मिटणाऱ्या चाकूला सूट आहे, हिला नाही. कॅम्पिंगला जाताना सामानात तळाशी गुंडाळून ठेवा, आणि परतल्यावर गाडीत विसरू नका!