पीट-नमुन्यांची पूर्वतयारी, कार्बन-१४ कालमापनासाठी

पाण्याखाली, प्राणवायूअभावी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर म्हणजे पीट. त्यातून वय मोजण्याजोगा कार्बन वेगळा काढण्याची ही प्रक्रिया. निलगिरीच्या दलदलीत आहे तसे पीट नवी मुंबईत नाही. येथे हाती येतो तो ठाणे व पनवेल खाड्यांतील तिवरांखालचा काळा सेंद्रिय गाळ. वाशी-नेरूळकडे तो बराचसा भरावाखाली गेला आहे. असे थर जुने भूदृश्य जपून ठेवतात: मुंबईच्या प्रिन्सेस गोदीच्या खोदाईत, एकोणिसाव्या शतकातच, चिकणमातीखाली बुडालेले खैराचे वन आढळले होते.

गाळाचा उभा नमुना, म्हणजे गाभा, काढल्यावर त्याची बाहेरची साल पोलादी पात्याने खरवडतात आणि आतला भाग ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळून थंड जागी ठेवतात. कागद-कापूस त्याला लागू देत नाहीत. बुरशी लागली तर तिचाही कार्बन मोजला जातो. पुढचे काम कंटाळवाणे, पण निर्णायक. सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने मुळे वेचायची. तिवराची कोवळी मुळे जुन्या थरात खोल शिरतात, खेकड्यांची बिळे वरचा गाळ खाली नेतात. ५,००० वर्षांच्या नमुन्यात ५ टक्के आधुनिक कार्बन मिसळला, तर वय सुमारे ३४० वर्षांनी कमी येते.

मग आम्ल–अल्कली–आम्ल धुलाई. कोमट विरल हायड्रोक्लोरिक आम्लात कालवांच्या शिंपल्यांचा चुरा आणि बेसाल्टच्या पोकळ्यांतून आलेला कॅल्साइट विरघळतो. सोडियम हायड्रॉक्साइडने ह्यूमिक आम्ले निघतात. द्रावण चहासारखे तपकिरी होते, ते फिके पडेपर्यंत धुलाई चालते. अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, म्हणून शेवटी पुन्हा आम्ल. ही पायरी वगळणे हा शुद्ध निष्काळजीपणा. अल्कलीत न विरघळता उरलेला अंश, म्हणजे ह्यूमिन, आणि निघालेली ह्यूमिक आम्ले यांची वये वेगळी येऊ शकतात, तेव्हा कोणता अंश मोजला हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

औद्योगिक खाडीत उलटा धोकाही असतो. खनिज तेलात कार्बन-१४ उरलेला नसल्याने ते वय फुगवते. ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ जहाजांच्या टकरीनंतर मुंबई बंदराजवळ तेल सांडले होते. अशा भागातले वरचे थर आधी सेंद्रिय द्रावकांनी धुतलेले बरे.

स्वच्छ नमुना वाळवून, निर्वात क्वार्ट्‌झ नळीत कॉपर ऑक्साइडसह सुमारे ९०० अंश सेल्सिअसला जाळतात. निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचे लोहाच्या साहाय्याने ग्रॅफाइट करतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात मोजलेल्या वयांपुढे ‘टीएफ’ हा संकेत दिसतो. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले. तेव्हा कार्बन ग्रॅमांत लागे. त्वरकाधारित मापनाला सुमारे एक मिलिग्रॅम पुरतो, त्यामुळे गाळात एखादे पान किंवा बी सापडले, तर सगळा गाळ बाजूला ठेवून तेच मोजावे.