दूरस्थ सर्व्हरच्या परवान्याचे त्रांगडे

विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटरचे. वसई-विरार पट्ट्यातील नोकरदार ते वर्षानुवर्षे लोकलने कापत आला आहे. २३ मार्च २०२० रोजी उपनगरी गाड्या थांबल्या, तेव्हा मुंबईतील कार्यालयाचे काम घरून करण्यासाठी अनेकांना एकच मार्ग उरला. कार्यालयातील सर्व्हरशी इंटरनेटवरून जोडणी करायची, त्याचा पडदा घरच्या संगणकावर उघडायचा आणि जणू तिथेच बसल्याप्रमाणे काम करायचे. यालाच 'रिमोट डेस्कटॉप' म्हणतात. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील औद्योगिक वसाहतींतले गाळेही या सोयीला अपरिचित नाहीत. हिशेबाचा सर्व्हर गाळ्यात आणि हिशेबनीस आपल्या घरी, ही मांडणी छोट्या उद्योगांना परवडते.

या सोयीला परवाना लागतो, आणि तो मागितला जातो उशिरा. विंडोज सर्व्हरवर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची व्यवस्था बसवली की पहिले १२० दिवस सर्व्हर काहीही विचारत नाही. २३ मार्च २०२० रोजी घाईत उभारलेल्या सर्व्हरची ही मुदत २१ जुलै रोजी संपत होती. १५ जूनपासून लोकल धावू लागली होती, पण अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरतीच. अशा वेळी सर्व्हरने दार लावून घेतले, तर ते उघडायला जाणार कोण? टाळेबंदी सरली तरी हा पेच कायम आहे. सर्व्हर बसवून देणारा तंत्रज्ञ चार महिन्यांनी भलत्याच कामात गुंतलेला असतो आणि नेमकी पगाराच्या किंवा जीएसटी विवरणपत्राच्या दिवशी जोडणी नाकारली जाते.

ही व्यवस्था मायक्रोसॉफ्टने १९९८ साली 'विंडोज एनटी ४.० टर्मिनल सर्व्हर एडिशन'च्या रूपाने बाजारात आणली. विंडोज २००० मध्ये सवलतीची मुदत ९० दिवसांची होती, सर्व्हर २००३ पासून ती १२० दिवसांची झाली. नावे बदलत गेली, मूळ नियम मात्र तोच राहिला. सर्व्हरच्या देखभालीसाठी एका वेळी दोन जोडण्या विनामूल्य मिळतात. त्यापलीकडे रोजच्या कामासाठी येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचा किंवा प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. सर्व्हरच्या किमतीत तो येत नाही आणि सर्व्हरच्या साध्या वापराच्या परवान्यातही येत नाही. खरेदीच्या वेळी येथेच गफलत होते. कार्यालयातील आपल्या टेबलावरच्या विंडोज प्रो संगणकाशी घरून जोडणी करणाऱ्या एकट्या माणसाला मात्र या परवान्याशी कर्तव्य नाही.

जोडणी तुटली की सर्वसाधारण माणूस राउटर बंद-चालू करतो, पासवर्ड बदलतो, इंटरनेट कंपनीला दूरध्वनी करतो. त्यात वेळ जातो. त्याआधी पडद्यावरचे वाक्य नीट वाचावे आणि सहकाऱ्यांना विचारावे, अडचण एकट्याची आहे की सगळ्यांची? सर्वांनाच परवाना देणारा सर्व्हर उपलब्ध नसल्याचा संदेश येत असेल, तर दोष सर्व्हरच्या बाजूला आहे. घरचा संगणक कितीही तपासला तरी तो सापडणार नाही. एकाच संगणकावर परवान्याच्या देवाणघेवाणीत चूक झाल्याचा संदेश येत असेल, तर बहुधा त्या संगणकातच काही बिघडलेले असते.

सगळेच अडकले असतील, तर प्रथम व्यवस्थापकाने आत शिरावे. जोडणीचा कार्यक्रम 'एमएसटीएससी' या आज्ञेने सुरू होतो. तिच्यापुढे 'स्लॅश ॲडमिन' जोडले की देखभालीची जोडणी मिळते आणि तिला हा परवाना लागत नाही. हा मार्ग व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्यांपुरता आहे. रोजचे काम त्यातून चालवणे हे नियमाला धरून नाही. आत गेल्यावर 'आरडी लायसन्सिंग डायग्नोजर' हे साधन उघडावे. सवलतीची मुदत संपली आहे काय, परवाना देणारा सर्व्हर ठरवून दिला आहे काय, परवाने किती व कोणत्या प्रकारचे आहेत, हे सारे ते एका ठिकाणी दाखवते.

छोट्या कार्यालयांत सर्वाधिक फसगत होते ती याच टप्प्यावर. परवाने रीतसर विकत घेतलेले असतात, परवाना देणाऱ्या सर्व्हरवर ते चढवलेलेही असतात, तरीही १२० दिवसांनी दार बंद होते. कारण जिथे लोक काम करतात त्या सर्व्हरला परवाने कोठून घ्यायचे, हे कोणी सांगितलेलेच नसते. दोन्ही कामे एकाच यंत्रावर चालत असली तरी हे सांगावे लागते, ही गोष्ट विचित्र वाटली तरी खरी आहे. मोठ्या कंपन्यांत 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी'ची मध्यवर्ती व्यवस्था असते आणि तेथे ही नोंद व्यवस्थापनाच्या खिडकीतून करता येते. दहा-बारा संगणकांच्या गाळ्यात अशी मध्यवर्ती व्यवस्था सहसा नसते, म्हणून ती खिडकीही उपयोगाची नसते. तेथे 'ग्रुप पॉलिसी'त रिमोट डेस्कटॉपच्या 'लायसन्सिंग' या भागात जाऊन दोन नोंदी हाताने कराव्या लागतात: परवाना देणाऱ्या सर्व्हरचे नाव आणि परवान्याचा प्रकार. त्यानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा. परवान्याचा सर्व्हर वेगळ्या यंत्रावर असेल, तर दोघांमधील फायरवॉलने वाट अडवलेली नाही ना, हेही पाहावे.

प्रकार निवडताना घाई करू नये. परवाना माणसागणिक घेता येतो किंवा यंत्रागणिक. तीन पाळ्यांत एकच संगणक वापरणाऱ्या कारखान्याला यंत्रागणिक परवाना स्वस्त पडतो, तर घरी एक, कार्यालयात दुसरा आणि खिशात तिसरा संगणक बाळगणाऱ्याला माणसागणिक. पण माणसागणिक परवान्याला ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा आधार लागतो. ती नसताना सर्व्हर २०१९ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर हा प्रकार निवडला, तर प्रत्येक जोडणी ६० मिनिटांनी तोडली जाते. दर तासाला काम तुटत असेल, तर इंटरनेटला दोष देण्यापूर्वी ही नोंद तपासावी.

यंत्रागणिक परवान्याचा स्वभाव आणखी वेगळा. नवा संगणक पहिल्यांदा जोडला जातो तेव्हा त्याला ९० दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो. पुढच्या खेपेस, शिल्लक असल्यास, कायमचा. या कायमच्या परवान्यालाही मुदत असतेच, ५२ ते ८९ दिवसांच्या दरम्यान कोठेतरी. यंत्र वापरात असेल तर तो आपोआप नवा होतो, नसेल तर साठ्यात परत जातो. त्यामुळे साठा संपलेला असला तरी नवा लॅपटॉप तीन महिने सुरळीत चालतो आणि मग एके दिवशी तेवढाच बंद पडतो. जुने, भंगारात गेलेले संगणक परवाने अडवून बसले असतील, तर व्यवस्थापक ते परत घेऊ शकतो; मात्र एका वेळी एकूण परवान्यांच्या २० टक्क्यांपर्यंतच. आवृत्तीचेही बंधन आहे. नव्या आवृत्तीचा परवाना जुन्या सर्व्हरला चालतो, जुन्या आवृत्तीचा नव्याला चालत नाही. सर्व्हर २०१६ वरून २०१९ वर नेला आणि परवाने जुनेच ठेवले, तर नकार ठरलेला.

एकाच संगणकाची तक्रार असेल, तर उपाय सोपा आहे. मिळालेला परवाना संगणकाच्या रजिस्ट्रीत 'एमएसलायसन्सिंग' नावाच्या नोंदीत साठवला जातो. ही नोंद बिघडली की देवाणघेवाण फसते. आधी तिची प्रत काढून ठेवावी, मग ती पुसावी आणि जोडणीचा कार्यक्रम एकदा व्यवस्थापकाच्या अधिकाराने सुरू करावा. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. साध्या वापरकर्त्याला ती नोंद नव्याने लिहिण्याची मुभा नसते, त्यामुळे नोंद पुसूनही चूक तशीच राहते आणि उपाय निरुपयोगी ठरल्याचा समज होतो.

सवलतीच्या मुदतीची नोंद सर्व्हरमधून पुसून आणखी १२० दिवस मिळवण्याची क्लृप्ती तंत्रज्ञांच्या वर्तुळात सर्रास सांगितली जाते. ती कराराचा भंग करणारी आहेच, शिवाय संकट केवळ चार महिने पुढे ढकलणारी आहे. साध्या विंडोजमध्ये फेरफार करून तिच्यावर अनेकांना बसवण्याचा प्रकारही त्याच जातीचा; विंडोजची एखादी नवी सुधारणा आली की तो कोलमडतो.

परवान्याची ही यंत्रणा सुरक्षेच्या दृष्टीनेही निरुपद्रवी नाही. २०१२ साली उघडकीस आलेल्या 'फ्लेम' या घातक प्रोग्रॅमने टर्मिनल सर्व्हरच्या परवान्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांच्याच आधारे स्वतःवर मायक्रोसॉफ्टचा बनावट शिक्का मारून घेतला होता. जुलै २०२४ मध्ये परवाना देणाऱ्या सेवेतील एक अतिगंभीर त्रुटी मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केली. ज्या सर्व्हरवर ही सेवा चालते, त्यावर ती सुधारणा बसवलेली आहे ना, याची खात्री करून घ्यावी. परवान्याचा घोळ सोडवण्याच्या भरात फायरवॉल बंद करून ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे टाकणारे महाभाग असतात. खंडणीखोर प्रोग्रॅमांना याहून सोयीचे दार नाही. बाहेरून येणाऱ्यांना व्हीपीएनमधूनच आत घ्यावे.

जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल ठप्प झाली होती. तळमजल्यावरच्या गाळ्यात असे पाणी शिरून सर्व्हर निकामी झाला, तर नव्या यंत्रावर परवान्याची सेवा पुन्हा बसवावी लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदणी केंद्राशी इंटरनेटवरून अथवा दूरध्वनीवरून संपर्क साधून परवाने तिकडे हलवावे लागतात. तेव्हा खरेदीच्या कराराचा क्रमांक आणि परवान्यांची संख्या विचारली जाते. ही माहिती त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवलेली असेल तर ती मिळणार नाही. छापील प्रत सर्व्हरपासून दूर, वरच्या फळीवर ठेवलेली बरी.